टेकडी न चढता

प्लास्टर माझ्या पायाला होतं, डोक्याला नव्हतं. एवढं आमच्या साखर कारखान्याच्या चीफ साहेबांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

"हंगाम तोंडावर आलाय, बाई, आणि तुम्हाला टेकडी चढता येत नाही," ते माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले. "बाहेरची पार्टी बोलावलीय, ती निघालीसुद्धा. आजचं काम त्यांनी केलं, तर यापुढे वायरलेस त्यांच्याकडेच."

इतकी वर्षं मी एकटीनं सांभाळलेलं खातं! डोक्यात अशी सणक गेली की प्लास्टरसकट उठून उभी राहिले.

टेकडीवर देवीच्या देवळामागं आमचा रिपीटर आहे. ऊसतोडीच्या टोळ्यांकडच्या वायरलेस सेटचा आवाज पकडून तो कारखान्यापर्यंत पोचवतो. शेवगावकडच्या त्या रानात मोबाईल खिशात असून नसल्यासारखा. यंदा लायसनवर नवी फ्रिक्वेन्सी मिळाली होती. सगळ्या सेटमध्ये ती मी चॅनेल दोनवर आधीच भरून ठेवली होती, राहिला होता फक्त रिपीटर. असं काम निघालं की एरवी लॅपटॉप आणि केबल घेऊन वर चढावं लागायचं.

पण पाय मोडायच्या आधीच मी तिथं एक छोटा डबा बसवून घेतला होता. रिपीटरची केबल डब्यात, डबा डिशला जोडलेला, आणि डिशचं तोंड कारखान्याच्या गच्चीवरच्या डिशकडे. इथल्या लॅपटॉपला वाटावं, केबल आपल्यालाच खोचलीय. तेव्हा ऑफिसात सगळे हसले होते. म्हटलं, हसा लेको.

पाय स्टुलावर टाकला आणि लॅपटॉप त्या डब्याशी जोडला. रिपीटरची जुनी सेटिंग झरझर स्क्रीनवर उतरली. काय आनंद झाला म्हणून सांगू! नवी फ्रिक्वेन्सी टाकली, 'राइट' दाबलं, म्हणजे ती रिपीटरमध्ये लिहायचं बटण. पट्टी सरकत निम्म्यावर आली आणि तिथंच थांबली. डबा गप्प, डिशही गप्प.

"झालं का?" साहेबांनी दारातून विचारलं.

"होतंय की!" म्हटलं खरं, पण पट्टी हलत नव्हती.

तेवढ्यात घड्याळाकडं लक्ष गेलं आणि मी कपाळावर हात मारला. भर दुपार! नैवेद्य दाखवला की पुजारीबुवा देवळाचं दार ओढून घेतात आणि मेन स्विच पाडतात, देवीच्या विश्रांतीसाठी. डबा आणि डिश देवळाच्याच लाईटवर होते. रिपीटर मात्र बॅटरीवरचा. अर्धवट आलेलं टाकून देऊन तो जुन्याच फ्रिक्वेन्सीवर इमानेइतबारे चालू होता. बुवांकडे आमचा एक सेट असतो, वर काही बिघडलं तर कळवायला. मी माईक उचलला.

"बुवा, जरा मेन वर करा हो."

"आत्ता? देवी निजलीया, ताई."

"तिला नका उठवू. फक्त लाईट द्या."

"लाईट दिली की गाभाऱ्यातला बल्ब लागतोय. तिच्या डोळ्यावर उजेड येईल न्हाई का?"

आता काय बोलावं या माणसाला! पण चिडून उपयोग नव्हता, मेन त्यांच्या हातात होता.

"मग आधी बल्ब काढून ठेवा ना, बुवा."

थोडी खरखर झाली. "ही आयडिया लई झ्याक हाय. थांबा, स्टूल आनतो."

"आणि माझा आवाज बंद झाला, की सेटचं बटण फिरवून दोनवर आणा."

स्क्रीनवर डिशचा हिरवा दिवा लागला. पुन्हा 'राइट' दाबलं. मनात म्हटलं, आई, एवढं होईस्तोवर उठू नकोस. निम्मं गेलं, निम्म्याच्या पुढं गेलं, पट्टी टोकाला टेकली. रिपीटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. मी माझा सेट दोनवर घेतला. सगळं शांत. आणि मग,

"ताई, दोनवर आलो. ऐकू येतंय का?"

"येतंय का म्हणजे! शेजारी बसून बोलल्यासारखं येतंय!" मी अशी ओरडले की साहेब धावत आत आले.

"ताई," बुवा पुढं बोलू लागले, "दोन मानसं वर आलीत. लई धापा टाकत्यात. रिपीटरचं काम करायचंय म्हनत्यात. काय सांगू?"

मी माईक साहेबांपुढे धरला. त्यांनी सेटकडं पाहिलं, मग माझ्या प्लास्टरकडं, आणि घसा खाकरला.

"त्यांना म्हणावं, काम झालंय. आमच्या बाईंनी केलंय."

"बरं. आलेच हायती तर दर्शन घेऊन जाऊ द्या," बुवा म्हणाले. "पर देवी उठंस्तवर बसावं लागंल."