खातेदाराला फोन द्या

कंपनीच्या फोनवर आपल्याला ताटकळत ठेवताना जे सनईसारखं काहीतरी वाजवतात ना, तसलंच परवा एका लग्नाच्या हॉलमध्ये वाजलं आणि माझ्या तोंडात घास फिरला. जेवण उत्तम होतं. बिसीबेळे भात होता, माझा आवडता. पण ते सूर कानावर पडले आणि समोरचं पान नको झालं. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय हो, तिखट लागलं का? म्हटलं, नाही हो, वीट आलाय.

कशाचा ते सांगते.

आमचे हे आजारी पडले त्याला आता वर्ष होत आलं. सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, निवृत्त होऊनही बराच काळ झाला. बंगळुरात, बसवनगुडीतल्या ह्याच पहिल्या मजल्यावर आमचा सगळा संसार झाला. एका सकाळी दात घासता घासता हे बेसिनपाशीच खाली बसले. उठवलं तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं गेलं होतं. हात हळूहळू सुधारला, बोलणं काही येईना. समजायचं सगळं. पेपरात चुकीचं छापलेलं असेल तर बोट ठेवून दाखवायचे. पण तोंडातून शब्द म्हणून एकच निघायचा, 'सरी'. कन्नडमधलं 'सरी', म्हणजे बरं, ठीक आहे. जन्मभर घरात मराठी बोललेला माणूस, आणि देवाने मागे ठेवलं काय, तर भाजीवाल्याला म्हणायचं 'सरी'! भूक लागली, सरी. पाय दुखतोय, सरी. संताप आला की भिंती हादरतील एवढ्या मोठ्याने, सरी!

डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही महिन्यांत जेवढं परत येईल तेवढंच येईल, तेव्हा वाचेचे धडे एक दिवस चुकवू नका, आणि धडे मायबोलीतूनच द्या. बंगळुरात मराठीतून शिकवणारं कोण मिळणार? शेवटी पुण्याच्या एक बाई मिळाल्या. रोज सकाळी त्या इंटरनेटवरून टॅबमध्ये दिसायच्या. स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणायच्या, "काका, म्हणा, मी." हे छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "सरी." "छान! पुन्हा म्हणू या. मी." "सरी." बाईंची चिकाटी दांडगी. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना ऐकत असायची आणि माझेच ओठ हलायचे.

ह्यांचा पलंग आम्ही पुढच्या हॉलमध्ये आणला होता आणि इंटरनेटचा डबा राहिला मागच्या खोलीत. त्यामुळे चित्र अडकायचं. बाईंचं तोंड उघडलं की उघडंच राहायचं, आणि हे गोंधळून माझ्याकडे बघायचे. म्हटलं, डबाच पुढे हलवून घ्यावा. एवढीशी गोष्ट! पण त्यासाठी माणूस बोलवायचा तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये पिन घालावा लागतो, आणि पिन ह्यांच्या डोक्यात. आमच्याकडे सगळंच ह्यांच्या नावावर. वीज, गॅस, इंटरनेट, अगदी माझा मोबाइलसुद्धा ह्यांच्याच खात्याला जोडलेलं शेपूट. मी कधी म्हटलं, मलाही दाखवून ठेवा, की म्हणायचे, "तू कशाला डोकं शिणवतेस? मी आहे ना!" आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला गोडच वाटायचं.

पिन विचारला की डाव्या हाताची बोटं दाखवायचे. पाच, मग दोन, मग पुन्हा पाच, आणि मग स्वतःवरच चिडून तोंड भिंतीकडे करायचे. मी आपली लग्नाची तारीख घालून पाहिली. मुलीचा वाढदिवस घातला. निवृत्तीचं साल घातलं. झालं, खात्याला कुलूप! इंटरनेट बंद, माझ्या फोनवरचं नेट बंद, आणि पुण्याच्या बाई दिसेनाशा.

कस्टमर केअरला फोन लावला. कन्नडसाठी एक, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मी एक दाबला, इतकी वर्षं इथे काढल्यावर तेवढं येतं. पलीकडून नाव विचारलं, खातेदाराचं.

आता, आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, हळदीकुंकवाला चार बायका मागे लागल्यावर. एरवी 'अहो'. इथल्या बायकाही नवऱ्याला नुसतं 'री' म्हणतात, त्यामुळे कधी अडलं नाही. आणि आता मी रोज कुणा अनोळखी माणसाला ह्यांचं नाव, आडनाव, जन्मतारीख पाढ्यासारखी म्हणून दाखवत होते. वर त्यांना ह्यांच्या आईचं माहेरचं नाव हवं! सासूबाईंचं ते नाव लग्नात बदललं, तांदळात नवीन नाव लिहिलं, आणि जुनं पुन्हा कुणी उच्चारलं नाही. जिवंतपणी त्या बिचारीला त्या नावाने हाक मारायला कोणी उरलं नव्हतं, आणि ह्या मेल्यांनी त्याची किल्ली करून ठेवली. सांगितलं तेही. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "थँक यू मॅडम. आता खातेदाराला फोन द्या."

"त्यांना बोलता येत नाही हो. आजारी आहेत."

"ओके मॅडम. मग त्यांना फक्त स्वतःचं नाव सांगू दे."

"अहो, बोलताच येत नाही म्हणते ना!"

"स्वल्प तरी बोलतील ना, मॅडम?"

स्वल्प! जणू भाजीवर चिमूटभर मीठ मागतोय. मी फोन ह्यांच्या कानाला लावला. "सर, आपलं नाव?" "सरी." "सर, नाव सांगा." "सरी. सरी!" कपाळावरच्या शिरा फुगल्या होत्या ह्यांच्या. मी फोन परत घेतला तर तो म्हणतो, "मॅडम, कस्टमर को-ऑपरेट करत नाहीत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलायला शिकायचं तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेट हवं तर आधी बोलून दाखवा! रोज नवा माणूस फोनवर यायचा, रोज मी पहिल्यापासून सांगायची, आणि शेवटी तेच वाक्य, खातेदाराला फोन द्या.

मग त्यांच्या दुकानात गेले. थंडगार, गुळगुळीत, पाय ठेवायला भीती वाटावी असं दुकान. डॉक्टरांचं पत्र दाखवलं. काउंटरवरची मुलगी ते न वाचताच गोड हसली. म्हणाली, खातेदाराला इथे घेऊन या, त्यांना बोलावंच लागेल. म्हटलं, मग माझ्या नावावर नवीन कनेक्शन द्या. म्हणे, त्या पत्त्यावर आधीचं आहे, ते बंद केल्याशिवाय नवीन मिळत नाही. मग करा बंद! तर ते फक्त खातेदारच करू शकतात. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. मी निघाले तशी ती म्हणाली, "मॅडम, ह्या महिन्याचं बिल बाकी दिसतंय. भरून जाता का?"

"मी कुठे खातेदार आहे?"

"पेमेंटला चालतं मॅडम. पेमेंट कोणीही करू शकतं."

भरलं मी. न भरून सांगते कोणाला? बाहेर येऊन चिंचेच्या झाडाखाली उभी राहिले आणि खरोखर थुंकले. साठी उलटलेली, भल्या घरची बाई, भर रस्त्यात थुंकले.

खालच्या मजल्यावरचे अण्णा देवमाणूस. त्यांनी आपल्या वायफायचा पासवर्ड दिला. पण ते जिन्यापर्यंतच पोचायचं, आणि दुसऱ्या कोणाच्या मोबाइलच्या नेटवर म्हणावं तर आमच्या गल्लीत चित्र धड दिसत नाही. म्हणून मी जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकली आणि ह्यांना धरून धरून तिथे बसवलं. धडा सुरू झाला. "काका, म्हणा, मी." तेवढ्यात वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलं पाठीवर बॅगा लावून उतरली. "एक्स्क्यूज मी अंकल" म्हणत ह्यांच्या गुडघ्यांवरून पाय टाकून गेली. मग दूधवाला आला. मग झाडूवाली आली, ती थांबून ऐकायलाच लागली. ज्या माणसाच्या हाताखाली शंभर माणसं काम करत होती, तो जिन्यात बसून बाळासारखे ओठ मिटून उघडत होता, आणि लोक बघत होते. ह्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. 'सरी'सुद्धा म्हणेनात. दुसऱ्या दिवशी खुर्ची उचलायला लागले तर पलंगाची कड घट्ट धरून बसले. बाई फोनवर म्हणाल्या, काकू, आलेलं जातंय हं, लवकर काहीतरी करा.

अशा वेळी रविवारी मुलगी आणि जावई आले, सर्जापूर रोडहून, ट्रॅफिकला शिव्या देत. जावई आमचे मनाने वाईट नाहीत. मूळचे पुण्याचे, इथे आयटीत मोठ्या हुद्द्यावर. पण जावई म्हणजे दहावा ग्रह, त्यांचा शब्द आमच्या घरात कधी कोणी खाली पडू दिला नाही. मी त्यांच्यासाठी गुळपोळ्या केल्या होत्या. सगळं ऐकून ते हसले.

"आई, चिल. तुम्ही खरं सांगत बसता, तिथेच चुकतं. मी बाबा म्हणून बोलतो. सगळे असंच करतात. दोन मिनिटांचं काम आहे."

आणि ते ह्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसत नाही. मला खटकलं, पण डोळ्यांसमोर तो जिना होता. 

फोन स्पीकरवर लावला. ते सनईसारखं वाजलं, कॉल रेकॉर्ड होतोय अशी सूचना झाली, आणि हिंदीत बोलणारा एक माणूस आला. जावयांनी आवाज जाड केला आणि म्हातारा वाटावा म्हणून खोकले. शी! काय तो खोकला! ह्यांना आयुष्यात कधी तसला खोकला नव्हता. मुलगी तोंडावर ओढणी धरून हसू दाबत होती. जावयांनी ह्यांचं पूर्ण नाव सांगितलं, म्हणाले, मीच बोलतोय. जन्मतारीख विचारली, ती मी कानात सांगितली. मग त्या माणसाने आईचं माहेरचं नाव विचारलं. जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसते ओठ हलवून सासूबाईंचं नाव पुरवलं आणि जावयांनी ते फोनमध्ये म्हटलं, चुकीच्या हेलात, बाजारातल्या वस्तूसारखं.

पलंगावर हालचाल झाली. हे उठून बसले होते. इतका वेळ ह्यांच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. डोळे जावयांवर, आणि डावा हात हळूहळू छातीवर.

"म्म... मी."

मला वाटलं भास झाला. हे पुन्हा म्हणाले, ह्या वेळी मोठ्याने, खणखणीत, "मी!"

फोनवरचा माणूस म्हणाला, "सर, पीछे कौन बोल रहा है?"

"कोई नहीं," जावई म्हणाले. "टीव्ही चालू है."

मला शिसारी आली. त्या खोकल्याची, त्या फोनची, चोरासारखे ओठ हलवणाऱ्या माझी स्वतःची. मी जावयांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"टीव्ही नाही तो! तेच खातेदार आहेत. आत्ता बोलले. तुम्ही ऐकलंत ना?" रागाच्या भरात मी मराठीतच ओरडले, मग हिंदीत सांगितलं.

"तो फिर पहले कौन बात कर रहा था, मॅडम?"

"दामाद. झूठ बोल रहा था."

 पलीकडचा माणूस थंडपणे म्हणाला की हा फसवणुकीचा प्रकार आहे, खातं कायमचं बंद होईल. म्हटलं, करा बाबांनो, एकदाचं करा. जावई लालबुंद झाले होते. "आई, मी तुमच्यासाठीच करत होतो..."

"कळतं मला. पण आधी त्या खुर्चीतून उठा."

ते उठले आणि गुळपोळीला हात न लावता निघून गेले. मुलगी बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

आणि गंमत ऐका. खातं कायमचं बंद झालं म्हणजे पत्ता मोकळा झाला! मी त्याच दुकानात गेले, तीच मुलगी तशीच गोड हसली, आणि आठवड्याच्या आत माझ्या नावावर नवीन डबा हॉलमध्ये लागला. जे खरं बोलून महिनाभर मिळालं नाही, ते खोटं पकडलं गेल्यावर मिळालं. धडे पुन्हा सुरू झाले. हळूहळू 'पाणी' आलं, 'नको' आलं, मग 'अगं' आलं.

परवाच्या लग्नाहून परतताना मात्र मनात आलं, तो कॉल रेकॉर्ड झाला होता. ह्यांचा पहिला 'मी' त्यांच्याकडे पडून आहे. मला तो हवा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तो नंबर फिरवला, पुन्हा ती सनई सोसली, आणि सगळं सांगितलं.

"मॅडम, ते जुन्या खात्याचं रेकॉर्डिंग आहे, त्या खातेदारालाच मिळतं. खातेदाराला फोन द्या."

दिला. हे खिडकीपाशी आपल्या वेताच्या खुर्चीत बसले होते. स्पीकरवर प्रश्न आला, "सर, कोण बोलतंय?"

ह्यांनी छातीवर हात ठेवला. "मी."

"सर, मी म्हणजे कोण? पूर्ण नाव सांगा."

"मी," हे शांतपणे म्हणाले.

"मॅडम, सरांना सांगा ना. नुसतं 'मी' चालत नाही."

"आमच्या घरात चालतं," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.