पाणी ओतून फोडलेला दगड

मंडळी, आत्ताच अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातून मोटेलवर परतले. सगळ्यांत आधी तुम्हाला सांगते.

आम्ही अमोनाइटचे जीवाश्म शोधतोय. ऑक्टोपसचे हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे नातेवाईक, गोल गुंडाळलेल्या कवचाचे. माझ्या थीसिससाठी एक तरी अख्खा हवा होता आणि आज शेवटचा दिवस. चार दिवसांत मी नुसते तुकडेच केले होते.

दुपारी कलिंगडाएवढा दगडी गोळा सापडला. कडेला कवच जरासं डोकावत होतं. "जपून," आमच्या प्रोफेसर म्हणाल्या, "हा चुकीचा फुटला तर संपलं."

मी हातोडा खाली ठेवला आणि प्यायच्या पाण्याची बाटली त्यावर ओतली.

"हे काय करतेस?" त्या ओरडल्याच.

दगड वाळत गेला, एक बारीक रेघ मात्र ओलीच राहिली. चीर तिथेच असते. तिच्यावर छिन्नी धरून हळूहळू ठोकलं. गोळा उघडला. आत अख्खा अमोनाइट!

"कुठे शिकलीस?"

इथे मी आजवर 'बाबांचा छोटा बिझनेस आहे' एवढंच सांगायचे. आज खरं सांगितलं. माझे बाबा पाटे-वरवंटे घडवतात.

बाबांना फोटो पाठवला, तर लगेच फोन. "छान फोडलास गं. पण वाळवंटात अख्खी बाटली ओतलीस? ओंजळभर पुरे होतं की!"

थीसिसच्या आभारांत सगळेच आईवडिलांचं नाव लिहितात. मी बाबांचं नाव कामाच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहिणार आहे.

तुमच्या घरातलं असं कुठलं काम आहे, जे तुम्ही अजून कुणाला सांगितलं नाही?