डोळे सर्वांत शेवटी

१८ जानेवारी २००८, शुक्रवार. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गराज आवरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन येणार होती आणि सासऱ्यांनी रंगवलेला कटआउट बाहेर काढायला वाट हवी होती. लंडनमधल्या आमच्या ईलिंगच्या घराच्या गराजमध्ये गाडी कधीच उभी राहिली नाही. तिथे चेस्ट फ्रीझर होता, वॉशिंग मशीन होतं, युनिव्हर्सिटीत गेलेल्या मुलीची सायकल होती, उरलेल्या टाइल्स होत्या आणि डिसेंबरपासून भिंतीला टेकून उभा असलेला तो प्लायवूडचा हिरो होता.

छातीपर्यंतचाच होता, तरी केसांचा फुगा छताला टेकत होता. जवळ गेलं की गालावर नुसते हिरवे, गुलाबी, पिवळे फटकारे दिसायचे आणि दारापर्यंत मागे आलं की तीच जिवंत माणसाची कातडी व्हायची. मिशी झाली होती, कॉलर झाली होती, गळ्यातल्या साखळीवरची चमकसुद्धा झाली होती. डोळ्यांच्या जागी मात्र दोन्हीकडे सपाट रंग होता. भुवया होत्या आणि त्यांच्याखाली काहीच नव्हतं.

मी कोळिष्टकं काढायला कोपऱ्यातली एक काठी घेतली. तिच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली होती, त्यामुळे बरं पडलं. काम झाल्यावर काठी, रिकामे डबे आणि कागद असं सगळं बाहेरच्या कचऱ्याच्या व्हीली बिनमध्ये टाकलं. मग हात धुतले आणि पुन्हा त्या आंधळ्या चेहऱ्यापुढे येऊन उभी राहिले.

सासरे सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आले होते. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि चेन्नईत त्यांना एकट्याला ठेवणं बरं दिसेना. नवरा त्यांना अप्पा म्हणतो, म्हणून मीही. तरुणपणी काही वर्षं ते मुंबईत हिंदी सिनेमांचे बोर्ड रंगवायला होते, त्यामुळे माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायचे, अडलं की हिंदीत. बाकी सगळा जन्म चेन्नईत थिएटरसमोरचे कटआउट रंगवण्यात गेला. माझा नवरा मात्र लोकांना सांगायचा की वडील ॲडव्हर्टायझिंगमध्ये होते. पुण्याला माझ्या माहेरी मीही तेच सांगितलं होतं, आणि ते इतक्या वेळा सांगितलं की मलाही खरं वाटायला लागलं होतं.

ॲडव्हर्टायझिंगचा पडदा फाटला तो आमच्या हायस्ट्रीटवर. मी एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, प्रॅक्टिस मॅनेजर आहे. शेजारीच केमिस्टचं दुकान आहे आणि तिथला फार्मसिस्ट चेन्नईचा. चाळिशीचा, गंभीर, प्रत्येक गोळीबरोबर सूचना देणारा माणूस. अप्पांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला आम्ही गेलो, तर दोघांचं तामिळमध्ये काहीतरी बोलणं झालं, आणि तो पांढरा कोट घातलेला माणूस काउंटरच्या बाहेर येऊन अप्पांच्या पाया पडला. रांगेत माझी रिसेप्शनिस्ट उभी होती.

"मॅडम, तुम्हाला माहीत आहे का हे कोण?" त्याने मला इंग्रजीत विचारलं. "कॉलेजात असताना मी यांच्या कटआउटवर चढून दूध ओतलंय. खांद्यावर बसून. पडलो असतो तर मेलो असतो."

"हाताचा रंग ओला होता तेव्हा," अप्पा आधी त्याला तामिळमध्ये आणि मग मला म्हणाले. "ह्यांच्या दुधाने सगळा वाहून गेला. मी शिव्या दिल्या होत्या."

"हो, मला आठवतात," फार्मसिस्ट म्हणाला. अगदी मान खाली घालून, प्रसाद मिळाल्यासारखं.

मी रिसेप्शनिस्टकडे बघून हसले आणि अप्पांबद्दल "फॅमिली फ्रेंड" असं काहीतरी पुटपुटले.

हा फार्मसिस्ट तिथल्या फॅन्सचा पुढारी निघाला. आमच्या भागातलं एक जुनं थिएटर ते शनिवारी सकाळी भाड्याने घ्यायचे. पोंगलला त्यांच्या हिरोचा नवा सिनेमा येणार होता, आणि त्याला थिएटरच्या पायरीवर अप्पांच्या हातचा कटआउट हवा होता. थिएटरच्या मॅनेजरने दूध, नारळ आणि आत कापूर या तिन्ही गोष्टींना आधीच नाही म्हटलं होतं. कटआउटला तो हो म्हणाला, कारण ते काय असतं हे त्याला माहीत नव्हतं.

अप्पा महिनाभर गराजमध्ये होते. मी चहा घेऊन गेले की बोलायचे. चेन्नईत त्यांची शेड एका थिएटरच्या मागे होती. सिनेमा लागायच्या आदल्या आठवड्यात शेडमध्ये पोरं झोपायची, आमचा हिरो आता कुठपर्यंत आलाय ते बघायला. मग छापील बॅनर आले, आणि शेडमधल्या रंगाऱ्यांपैकी एक रिक्षा चालवायला लागला, एक कॉल सेंटरची गाडी. पुढे थिएटरच पाडलं आणि तिथे मॉल झाला.

"मॉलमध्ये पण सिनेमा आहे की, अप्पा."

"आहे. गेलो होतो. मऊ खुर्ची, थंडगार. हिरो आला, मी शिट्टी मारली. पुढच्या बाईने मागे वळून बघितलं." त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. "तू बघतेस तसं."

मी कप उचलून आत आले होते.

तर त्या शुक्रवारी मी त्या चेहऱ्यापुढे उभी होते आणि माझा हिशेब सरळ होता. अप्पांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. वाटी धरली की आमटी हिंदकळते. शर्टाचं वरचं बटण लावायला त्यांना आरसा लागतो आणि तरी ते लागत नाही. सगळा चेहरा होऊन आठवडा झाला, तरी डोळ्यांना त्यांनी हात लावला नव्हता. जमत नाही आणि सांगवत नाही, एवढंच मला त्यात दिसलं. ते बस पकडून देवळात गेले होते, नवरा ऑफिसच्या कामाला केंब्रिजला होता. विचारायला कोणी नव्हतं असं मी म्हणू शकले असते, पण मला विचारायचंही नव्हतं. सर्जरीतही माझं असंच आहे. म्हातारे पेशंट वाक्य शोधत असतात आणि मी ते पुरं करून टाकते.

दुसरंही एक कारण होतं. शनिवारी सकाळी माझी रिसेप्शनिस्ट त्याच रस्त्यावर खरेदीला येते. फॅमिली फ्रेंडची थाप टिकणार नाही हे मला कळून चुकलं होतं. निदान तिरळा चेहरा तरी लोकांसमोर जाऊ नये.

शाळेत मी चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या होत्या, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला बी ग्रेड. हात वाईट नाही माझा. फार्मसिस्टने दिलेलं सिनेमाचं पोस्टर फ्रीझरच्या झाकणावर पसरलं, पट्टीने मापं घेतली, खडूने खुणा केल्या आणि अप्पांच्याच ब्रशने, त्यांच्याच रंगाने डोळे काढले. दोन्ही सारखे आले. बुबुळात पांढरा ठिपकासुद्धा दिला. मागे सरकून बघितलं आणि मला बरं वाटलं. ब्रश धुऊन ठेवले.

अप्पा चारच्या सुमारास आले. कपाळावर विभूती, हातात कापराची पुडी. थेट गराजमध्ये गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटलं, बघतायत. आले तेव्हा नळाखाली हात धुतले, जणू रंगाचं काम केलं होतं, आणि खोलीत जाऊन पडले.

संध्याकाळी नवरा आला. कोट काढता काढता गराजचं दार उघडून बघितलं आणि तसाच स्वयंपाकघरात आला.

"डोळे कोणी काढले?"

"मी. का, बिघडलेत का?"

"आज?" तो म्हणाला. "तू आज काढलेस?"

"मग कधी काढायचे? उद्या सकाळी व्हॅन येणार ना."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. मग आवाज खाली आणून सांगितलं. डोळे सर्वांत शेवटी असतात. शेडमध्ये काढायचेच नाहीत. कटआउट आंधळाच थिएटरसमोर न्यायचा, उभा करायचा, कापूर ओवाळायचा, आणि पहिल्या खेळाच्या आधी, जमलेल्या सगळ्यांच्या देखत रंगाऱ्याने शिडीवर चढून डोळे उघडायचे. हिरोची पहिली नजर त्याच्या माणसांवर पडली पाहिजे. तोपर्यंत ती नुसती फळी.

"अप्पांचा हात थरथरतो म्हणून मी..."

"हात त्यांचा नेहमीच थरथरायचा. त्यांची एक काठी असते, टोकाला चिंधी बांधलेली. ती फळीला टेकवायची आणि तिच्यावर मनगट ठेवायचं."

मी खिडकीतून बाहेरच्या बिनकडे बघितलं.

"तू मला कधी सांगितलं नाहीस हे," मी म्हटलं.

"काय सांगणार? ॲडव्हर्टायझिंग म्हणून बसलो होतो ना."

जेवायला अप्पा आले. दहीभात घेतला. मी वाढताना म्हटलं, "अप्पा, माझं चुकलं. मला माहीत नव्हतं."

"चांगले काढलेस, मा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, मी शोधत होते. "दोन्ही सारखे. माझे कधी सारखे नसायचे. एक नेहमी थोडा वर. लोक त्यावरून ओळखायचे, हा ह्याचा म्हणून." भात कालवला. "आता बॅनर छापून येतात, त्यांचेही डोळे आधीच उघडे असतात. त्याने काय होतं? सिनेमा चालतोच."

"उद्या तुम्ही..."

"उद्या तुम्ही दोघं जा. मी येऊन काय करू? त्याला दिसायला लागलंय." मग थोडं हसले. "पहिली नजर फ्रीझरवर पडली त्याची. मटारवर."

नवराही हसला. मला हसता आलं नाही. मला वाटली ती लाज कोणी रागावल्यावर वाटते तशी नव्हती. कोणी रागावलं असतं तर मी उलट बोलले असते, माझ्याकडे मुद्दे होते. पण ते पुन्हा पुन्हा डोळे चांगले आलेत म्हणत राहिले, आणि एरवी जेवणानंतर ते टेबलावर बोटाने काहीतरी काढत बसायचे, त्या दिवशी हात मांडीवर ठेवून बसले. कापराची पुडी त्यांनी माझ्यासमोर सरकवली. "हे त्या औषधवाल्याला दे. म्हणावं, सूनबाईने पुरा केला."

सूनबाईने पुरा केला. फार्मसिस्ट माझ्याही पाया पडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कोणी उठायच्या आत मी गराजमध्ये गेले. हीटर लावला, दार थोडं उघडं ठेवलं, टर्पेंटाइनची बाटली आणि जुना पिलोकेस घेतला. खालचा रंग महिन्याचा होता, पक्का सुकलेला. माझा कालचा, ओला. बुबुळं आधी पुसली. काळा रंग गालावर ओघळला तो दुसऱ्या कोपऱ्याने टिपला. डाव्या डोळ्याखाली कातडीचा रंग जरा खरवडला गेला, तो तसाच राहू दिला. त्याला हात लावायचा मोह झाला होता, पण ब्रश मी उचलला नाही. मग बाहेर जाऊन व्हीली बिन आडवी केली आणि तळाची काठी काढली. चिंधीला माझी कोळिष्टकं चिकटली होती. चिंधी बदलायची की नाही हे मला ठरवता येईना, म्हणून धुतली आणि रेडिएटरवर वाळत टाकली.

अप्पांच्या दारावर टकटक केली. "अप्पा, आंघोळ करून घ्या. त्याला काही दिसत नाहीये."

मग गीझरचा आवाज सुरू झाला.

थिएटरच्या पायरीवर थंडी होती आणि गर्दीही होती. कोट घातलेले इंजिनियर, पोंगलच्या नव्या साड्यांवर जॅकेट घातलेल्या बायका, कडेवर पोरं. फार्मसिस्टने कापूर पेटवला तेव्हा मॅनेजर बाहेर येऊन अग्निशामक घेऊन उभा राहिला, पण काही बोलला नाही. रस्त्यापलीकडे माझी रिसेप्शनिस्ट पिशव्या घेऊन थांबली होती. मी हात केला. ती आली.

"हे काय चाललंय?"

"माझे सासरे आहेत," मी म्हटलं. "रंगारी आहेत. सिनेमाचे."

शिडी लावल्यावर फळी मागे झुकायला लागली. नवऱ्याने शिडी धरली होती, म्हणून मी मागे गेले आणि दोन्ही तळहात लावून कटआउट दाबून धरला. तिथून मला फक्त कच्चं लाकूड दिसत होतं. काठी टेकली ते कळलं. मग ब्रश टेकला. त्याचा बारीक थरथराट प्लायवूडमधून माझ्या हातापर्यंत येत होता. ब्रश उचलला गेला, दुसऱ्या बाजूला टेकला, पहिल्यापेक्षा थोडा वर. मी फळी हलू दिली नाही. मग पुढून शिट्ट्या सुरू झाल्या.