जेवढा अंगठा, तेवढं चाक

उपासाच्या दिवशी स्वयंपाक कमी आणि कान मोकळे! माझे तर सोमवार, संकष्टी, एकादशी सगळंच चालू असतं. त्यामुळे आमच्या आचरा गावच्या घरातले पडवीवरचे किस्से माझ्याकडेच साठत गेले. एक सांगायला घ्यावा तर दुसरा मागून ढकलतो. त्यातले हे रिमोटच्या गाडीचे.

माझे धाकटे दीर सुरेशभावजी मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. २००६ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, पण उजवा अंगठा काही हलेना. डॉक्टर म्हणाले, "अंगठ्याला रोज काम द्या. बसून राहिला तर कायमचाच बसेल." रबरी चेंडू दिला, तो भावजींनी डाव्या हाताने माडात भिरकावला. "मी काय पोर आसंय?"

मग ह्यांनी खेळण्यातली रिमोटची गाडी आणली. पण तिचं स्टिअरिंग अगदी अडाणी! एकतर पुरतं डावं, नाहीतर पुरतं उजवं. अंगठा जरासा हलला तर तिला पत्ताच नाही. तेव्हा ह्यांचा मित्र बबन, जहाजावर नोकरीला असतो तो, सुट्टीवर येताना दुसरा रिमोट आणि एक सर्वो घेऊन आला.

सर्वो म्हणजे काडेपेटीएवढी डबी, वर पांढरा दांडा. रिमोटची काडी जेवढी सरकवाल तेवढाच दांडा वळतो आणि तिथेच थांबतो. मी बोटाने ढकलून पाहिला, तर तो गुणगुणत उलटा मलाच ढकलायला लागला! माझे हात आपोआप जोडले गेले.

हे म्हणाले, "अगो, देव नाय तो, मोटार आसा!"

म्हटलं, "असूदे. सांगितलं तेवढंच करायचं आणि तिथेच टिकून राहायचं, हे मला इतक्या वर्षांच्या व्रतांत जमलं नाही!"

*

पहिल्यांदा ह्यांनी आणि बबनने सर्वो गाडीत चिकटपट्टीने बसवला. खारी हवा आमची! दुपारपर्यंत पट्टी सुटली. काडी सरकवली की चाकं जागच्या जागी आणि सर्वोच गरगर.

बबन ओरडला, "चाकां थंयच आसत, ह्योच मान फिरवता!"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुसऱ्याक वळवचां तर आपण आधी घट्ट बसाक व्हया."

मग करवंटीचा तुकडा घासून, भोकं पाडून, सर्वो स्क्रूने आवळला. तो आजतागायत हललेला नाही.

*

सर्वो आधी चालू करून मधोमध आणायचा आणि मगच दांडा बसवायचा, हे दोघेही विसरले. गाडी अंगणात सोडली, तर ती उजवीकडेच वळत राहिली. तुळशीभोवती एक फेरा, दुसरा, तिसरा... थांबायचं नावच नाही! मी थक्क होऊन पाहतच राहिले.

सासूबाई त्या दोघांना म्हणाल्या, "बघा! तुमका कधी जमला नाय, ता गाडयेन केल्यान!"

*

सगळं नीट बसलं तेव्हा मी हट्टच धरला, आता देवळात गाऱ्हाणं घालायचं. देवळाचे मानकरी असलेल्या गावकरांनी नारळ हातात घेतला, सर्वोकडे बराच वेळ पाहिलं आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकराच्या गाडयेक सर्वो बसवलेलो आसा. तो काय आसता ता आमका म्हायत नाय, तुका म्हायत आसतला. त्येचो अंगठो आनि सर्वो एका मतान चलू दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज बबनचा!

*

त्यानंतर रोज संध्याकाळी भावजी पडवीत बसत. डाव्या हाताने उजवा अंगठा उचलून काडीवर ठेवत आणि चाकांकडे बघत राहत. चाकं गप्प. मी आतून देवाला म्हणायची, घाई नाही, पण विसरू नकोस.

एका सोमवारी मी दिवा लावून बाहेर आले, तर हे आणि बबन गाडीवर ओणवे. चाकं किंचित डावीकडे जायची आणि परत यायची.

"सर्वो बिघडलो," बबन म्हणाला. "आपोआप थरथरता."

"वायर सैल आसतली," हे म्हणाले. वायर घट्ट केली. पुन्हा तेच. स्क्रू आवळले. पुन्हा तेच.

"काढून टाकूया ह्येका!" बबनने स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"ए बबन्या, शिरा पडो तुझ्या तोंडार!" मागून भावजी ओरडले. "हात लावशीत तर बघ! तो आपोआप हलणा नाय... मी हलवतंय!"