दंडावरची काळी फीत

कॉलऱ्याच्या साथीत माझे वडील नाशिकच्या एका दवाखान्यात होते. तिथल्या एक सिस्टर मला अजून आठवतात. नाव कधी विचारलंच नाही. सगळेच नुसतं सिस्टर म्हणत. नाडी बघण्याआधी त्या तळहात खसाखसा चोळून ऊब आणत, मगच मनगट धरत. सलाइन लावताना विचारत, "यंदा काय पेरलंय?" उत्तर संपेपर्यंत सुई आत गेलेली असे.

त्यांच्या पांढऱ्या पोलक्याच्या बाहीवर काळी फीत असे. नर्सेसनी पगारवाढ मागितली होती, तीही काम न थांबवता. तेवढ्यावरूनच शहरात वाद पेटला. साथीच्या दिवसांत पगार मागणं शोभतं का, असं पेपरात लिहिणाऱ्यांपैकी एकही शहाणा त्या वॉर्डाच्या दारापर्यंत फिरकला नव्हता.

वडिलांना घरी सोडलं त्या दिवशी आईने खण-नारळाने सिस्टरांची ओटी भरली.

"तुम्ही तर आमची वणीची देवीच हाय," ती म्हणाली.

सिस्टरांनी पदर पुढे करून ओटी घेतली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "देवी नका म्हणू, मावशी. देवीला घरभाडं नसतं."

खाटेवर बसलेले वडील हसले नाहीत. "मग मलाबी एक फीत द्या," म्हणाले. सिस्टरांनी बाहीवरची फीत काढली, बँडेजच्या कात्रीने मधोमध कापली आणि अर्धी त्यांच्या दंडाला बांधली.

परतीच्या एसटीत शेजारच्या माणसाने ती पाहून हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"कुणी नाय," वडील म्हणाले. "मी गेलो नाय, म्हणून बांधलीय."