आत्याचा दोरा आणि मास्तरांचं कडं

सगळा बँड तिला आत्या म्हणायचा आणि तिच्या तोंडाला टरकून असायचा. क्लॅरिनेट मात्र ती अशी वाजवायची की पहिला सूर कधी उमटला ते कळूच नये. वडिलांच्या शिकवणीप्रमाणे ती सूर काढणारी वेताची पत्ती माउथपीसवर रेशमी दोऱ्याने गुंडाळून बांधायची. पत्ती सगळीकडून सारखी धरलेली, कुठेही न चिमटलेली. नुसती फुंकर घातली तरी बोलायची.

बँडमास्तरांनी यंदा सगळ्यांसाठी पत्ती धरायला दोन स्क्रूंची सोनेरी कडी आणली. "रांग कशी झगमगली पाहिजे! दोरे कसले बांधता आत्या, पार्सल आहे का?"

आत्याने कडं चढवलं. स्क्रू सैल ठेवले की पत्ती सरकायची, आवळले की गळा धरल्यासारखी मुकी व्हायची. तालमीत तिचा एकटीचा सुरुवातीचा तुकडा आला. आधी नुसती हवा, मग कर्कश किंकाळी.

"दम संपला वाटतं," मास्तर म्हणाले. "हा तुकडा आता जावईबापू वाजवतील."

मास्तरांच्या जावयाची पत्ती जाड, फुंक दणकट. त्याला तेच कडं झकास चाललं. आत्याला हेच जास्त झोंबलं.

"माझा दम नाही, तुमची अक्कल संपलीय! शेवटच्या तालमीत ऐका, मग बोला."

"ऐकू की. पण कडं घालून."

घरी तिने भांडी अशी आदळली की वहिनी म्हणाली, "त्या पातेल्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

आत्याने पत्ती दोऱ्याने बांधली आणि वरून कडं चढवलं, पडणार नाही इतपतच. धरायचं काम दोऱ्याचं, कडं नुसतं मिरवायला.

"आता तुकडा परत मिळाला की गप्प बसा हं," वहिनीने बजावलं.

शेवटच्या तालमीत सूर अलगद उमटला. मास्तर खूश. "बघितलंत? कडं चांगलं असलं की म्हातारा दमही तरुण होतो!"

तुकडा तिचाच झाला होता. गप्प बसली असती तर चाललं असतं. पण आत्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिने कडं उपसलं आणि मास्तरांच्या हातावर आपटलं.

"हे घाला जावयाच्या मनगटात! वाजला तो हा दोरा. मी हवी असेन तर दोऱ्यासकट!"

मास्तरांनी कड्याकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं. जावयाने आपली क्लॅरिनेट हळूच मांडीवर आडवी ठेवली.

"पहिल्यापासून," मास्तर पुटपुटले आणि त्यांनी छडी उचलली.

रागाने चढलेला श्वास खाली बसेपर्यंत आत्याने अख्ख्या बँडला ताटकळत ठेवलं. मास्तरांचा हात वरच्या वर अवघडला. मग तिने फुंकर घातली.