दीड ते साडेतीन पळणारं नेट

मिरचीच्या हंगामात आमच्या ऑफिसात दोन गोष्टींचा त्रास असायचा, एक ठसक्याचा आणि दुसरा नेटचा. ठसक्याची सवय मला आठवड्याभरात झाली. नेटची काही केल्या होईना.

नंदुरबारला एका मिरची व्यापाऱ्याकडे मी कॉम्प्युटरवर होते. सकाळी कोरीटहून रिक्षाने यायचं, संध्याकाळी परत. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, आणि मागच्या दाराबाहेर पथारी, म्हणजे मिरची वाळत घालायचं मोठं मैदान. आत आम्ही तिघं. शेठ, मुनीमकाका आणि मी. शेठचं घराणं मूळ राजस्थानचं, पण शेतकऱ्यांशी ते अशी अहिराणी बोलायचे की नवखा माणूस त्यांना शेजारच्याच गावचा समजे.

भरलेला ट्रक निघण्याआधी त्याचं ई-वे बिल ऑनलाइन काढायचं, हे माझं मुख्य काम. ते हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. त्या वर्षी मात्र वेबसाइट उघडायलाच अर्धा अर्धा तास लागू लागला. पडद्यावर गोल चकरी फिरत राहायची आणि खिडकीशी ड्रायव्हर. "दीदी, हुआ क्या?" मी खिडकीतून वाकून, मान हलवत म्हणायचे, "नेट नहीं है." एका ड्रायव्हरने तर आमच्या नळावर आंघोळ केली, दाढी केली, लुंगी धुतली, ती वाळल्यावर पुन्हा नेसली, तेव्हा कुठे त्याचं बिल निघालं.

पहिला संशय माझ्यावर आला. ऑफिसात वयाने मीच लहान.

"व्हिडिओ तं नई देखी ऱ्हायनी ना मोबाइलवर?" शेठनी हसत विचारलं, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मला असा राग आला की मी मोबाइल बंद केला आणि त्यांच्याच ड्रॉवरमध्ये ठेवला. दिवसभर तो तिथेच होता. दिवसभर चकरीही फिरतच होती. संध्याकाळी शेठनी माझ्यासाठी चहा मागवला.

मग मुनीमकाकांनी निदान केलं. "मिरचीना खकाना घुसी गया डब्बामा. माणूस खोकस, तं मशीन नई खोकाव?" त्यांनी दाढीच्या जुन्या ब्रशने मिरचीची धूळ झटकत राउटर झाडून काढला. मग तो लोखंडी कपाटावर ठेवला, तिथून खिडकीत, खिडकीतून देवाच्या फोटोखाली. फरक शून्य. नंतर शेजारच्या टेलरवर संशय गेला आणि पासवर्ड बदलला. टेलरच्या शिलाईत आणि आमच्या नेटमध्ये काहीही फरक पडला नाही.

केबलवाला तीनदा येऊन गेला. तो जेवण करून दोन-अडीचला यायचा आणि तो आला की नेट पळायला लागायचं. पहिल्यांदा म्हणाला, "लाइन एकदम झकास आहे." दुसऱ्यांदा म्हणाला, "कॉम्प्युटर जुना झाला." तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्ही टायपिंग जरा हळू करता का?"

हे मला फार लागलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि दर अर्ध्या तासाला नेट कसं आहे ते लिहायला लागले. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं. रोज सकाळी नऊपासून नेट रखडायचं, दुपारी दीड ते साडेतीन सुसाट पळायचं आणि साडेतीनला पुन्हा बसायचं. फक्त एका मंगळवारी सगळी सकाळ ते पळालं होतं. का, ते कुणालाच सांगता येईना.

गुरुवारी शेठ खरेदीसाठी खापर गावाला गेले आणि मी ठरवलं की आज सोक्षमोक्ष लावायचा. नेटच्या लाइनची सोडून राउटरला मागे चार वायरी होत्या. एक माझ्या कॉम्प्युटरची, एक मुनीमकाकांच्या, एक प्रिंटरची आणि एक काळी, जी कपाटामागून गेटवरच्या, पथारीवरच्या कॅमेऱ्यांच्या मशीनकडे गेली होती.

"पोरी, हात नको लाऊ," मुनीमकाका म्हणाले, आणि खुर्ची ओढून बघायला जवळ बसले.

मी त्यांची वायर काढली. चकरी फिरतच राहिली. प्रिंटरची काढली. तरी तेच. मग काळी ओढली, आणि पान झटकन उघडलं. आम्ही एकमेकांकडे बघतोय तोच मुनीमकाकांचा मोबाइल वाजला.

"बाबूजी!" ते दचकून उभे राहिले.

बाबूजी म्हणजे शेठचे वडील. पन्नास वर्षं त्यांनीच हा धंदा चालवला. पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मुलीने त्यांना सुरतला आपल्या घरी नेलं. मी कामाला लागले ती त्यानंतर, त्यामुळे त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

"अरे, पथारी काब्र बंद पडी गयी?" त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. मुनीमकाकांनी फोन माझ्या हातात कोंबला.

"बाबूजी, तुम्ही कॅमेरे बघत होता का?"

"बघतो ना, बेटा. मुलाने जोडून दिलेत, मन रमावं म्हणून. चहा झाला की टीव्हीवर लावतो. आठही."

"आणि दुपारी?"

"दीडला जेवतो. मग जरा झोपतो. साडेतीनला पुन्हा लावतो."

मी कॅलेंडरच्या पानाकडे बघितलं. "आणि मंगळवारी सकाळी?"

"मंगळवारी डॉक्टरकडे नेलं होतं. तुला कसं कळलं?"

मी काही सांगायच्या आत तेच काळजीने बोलायला लागले. "बेटा, धंद्यात काही अडचण आहे का? मुलगा सांगत नाही. गेटवर गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. ते बघून मला जागेवरून उठवत नाही."

आता हे त्यांना कसं सांगायचं? पण सांगितलं. आपल्या लाइनमधून बाहेर जायची वाट अरुंद आहे, बाबूजी. तुमचे आठ कॅमेरे त्या वाटेने सुरतला निघाले की माझं बिल मागे अडकतं. बिल अडकलं की गाडी उभी. गाडी उभी दिसली की तुम्ही आणखी बघत बसता.

मला वाटलं, गेली माझी नोकरी.

"म्हणजे," बाबूजी सावकाश म्हणाले, "मी सुरतला बसून नंदुरबारच्या गाड्या अडवतो?" आणि ते हसत सुटले.

संध्याकाळी शेठना सांगितलं तर ते हसले नाहीत. डोकं धरून म्हणाले, "बाबूजींना बघू नका म्हणून कोण सांगणार?" दुसऱ्या दिवशी मी केबलवाल्याला हट्टाने सकाळी अकराला बोलावलं. त्याने चकरी डोळ्यांनी पाहिली, माझं ते कॅलेंडरचं पान वाचलं आणि टायपिंगबद्दल एक शब्द काढला नाही. त्याने असं करून दिलं की सुरतला एकच कॅमेरा जाईल, तोही जरा अंधुक.

कोणता ठेवायचा? शेठ म्हणाले, गादीवरचा, म्हणजे त्यांच्या बैठकीवरचा ठेव. मी आधी बाबूजींना फोन केला.

"पाच नंबर," ते लगेच म्हणाले.

पाच नंबर पथारीच्या टोकाला होता, कडुनिंबाखाली. सातपुड्यातून हंगामापुरत्या आलेल्या बाया मिरचीचे देठ खुडून दुपारी एकला तिथे भाकरी खायला बसत.

"तिथे एक उंच बाई आहे," बाबूजी म्हणाले. "जेवताना सगळ्यांना हसवते. ऐकू काही येत नाही, पण मला पण हसू येतं. काय सांगते ती, एकदा विचारून ये ना."

दुसऱ्या दिवशी मी माझा डबा घेऊन कडुनिंबाखाली गेले. बाया त्यांच्या पावरी बोलीत बोलत होत्या, मला फार कळेना. मी विचारलं तशी उंच बाई लाजून तोंडावर पदर घेऊन बसली. बाकीच्यांनी तिला ढोसून उठवलं. ती उभी राहिली, खिडकीतून वाकल्यासारखी वाकली, चेहरा रडवेला केला आणि मान हलवत बारीक आवाजात म्हणाली, "नेट नहीं है."

बाया लोटपोट झाल्या. मी पण.

मी तिथूनच बाबूजींना फोन लावला. ते नुकते जेवायला बसले होते. "बाबूजी, ती माझी नक्कल करते," म्हटलं तर त्यांना असा ठसका लागला की मागून त्यांच्या मुलीचा घाबरलेला आवाज आला, आणि मग कुणीतरी त्यांना पाणी दिल्याचा.